महालातून मुठीत : चिनी वाचक आणि त्याचा ज्ञानकोश

ज्ञानकोश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कपाटभर जाड खंड उभे राहतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे तेवीस खंड ज्यांनी गावच्या वाचनालयात पाहिले आहेत त्यांना तर दुसरे चित्र सुचणे कठीण. आज आम्ही ज्या ज्ञानकोशाची हकीगत सांगणार आहोत त्याला खंड नाहीत, पुठ्ठे नाहीत आणि शेवटचे पानही नाही. मोबाइलच्या चार बोटे रुंद पडद्यावर तो उघडतो. चिनी विकिपीडिया हे त्याचे नाव. चिनी वाचणारा एक मनुष्य तैपेईत राहतो, दुसरा हाँगकाँगात, तिसरा सिंगापुरात आणि चौथा पेकिंगात, ज्याला आता बीजिंग म्हणतात. हे चौघे एकाच वेळी खिशातून मोबाइल काढून हा एकच कोश उघडू पाहतात, तेव्हा चौघांना चार निरनिराळ्या गोष्टी दिसतात. असे का व्हावे, याचे उत्तर यंत्रात थोडे आहे आणि इतिहासात पुष्कळ आहे. म्हणून आपण इतिहासाकडूनच येऊ.

कोश रचण्याची हौस चीनला जुनी. मिंग वंशाच्या युंग-लो सम्राटाने १४०३ साली आज्ञा केली की, आजवर लिहिले गेलेले सारे ज्ञान एकत्र करा. दोन हजारांहून अधिक पंडित कामाला लागले आणि १४०८ साली २२,८७७ प्रकरणांचा, ११,०९५ हस्तलिखित ग्रंथांचा एक डोंगर उभा राहिला. विषयांची मांडणी शब्दांच्या यमकावरून केलेली होती, म्हणजे कोशात काही शोधायचे तर शोधणाऱ्याला आधी यमकशास्त्र अवगत हवे. एवढा ग्रंथ छापणे खर्चाच्या बाहेरचे होते. तो हातानेच लिहिला गेला आणि राजवाड्यात ठेवला गेला. १५६२ पासून पुढे पाच वर्षे खपून त्याची एक नक्कल केली, एवढाच काय तो प्रसार. मूळ प्रत कधी आणि कशी नाहीशी झाली हे एक कोडेच आहे. नकलेचाही बराच भाग १९०० सालच्या पेकिंगच्या धामधुमीत जळाला, लुटला गेला. आज जगभरच्या ग्रंथालयांत मिळून सुमारे चारशे ग्रंथ उरले आहेत.

पुढे मांचू राजवटीत १७२६ च्या सुमारास दहा हजार प्रकरणांचा एक कोश तांब्याच्या सुट्या खिळ्यांनी छापला गेला. प्रती निघाल्या साठ-पासष्ट. त्याच शतकात, १७७३ पासून, छ्येन-लुंग सम्राटाने चार भांडारांचा प्रचंड ग्रंथसंग्रह करविला. त्याच्या सात प्रती लिहवून त्यांतील तीन दक्षिणेकडील शहरांत विद्वानांना वाचायला मोकळ्या ठेवल्या. हे औदार्य खरेच. पण ग्रंथ गोळा करण्याच्या निमित्ताने देशभरातून आलेल्या पुस्तकांची छाननी झाली, आणि जी राजवटीला रुचली नाहीत अशी शेकडो पुस्तके नष्ट करण्यात आली. संग्रह करणारा हात आणि जाळणारा हात एकच होता, हे आपण ध्यानात ठेवू. त्याचे प्रयोजन पुढे येईल.

आता लिपीकडे वळू. चिनी लिपीत अक्षरे नसतात, शब्दचिन्हे असतात. उत्तरेचा मनुष्य आणि कॅन्टनचा मनुष्य बोलू लागले तर एकमेकांना समजत नाहीत, पण लिहिलेले दोघांनाही वाचता येते, असा शतकानुशतकांचा बंदोबस्त होता. विसाव्या शतकात या बंदोबस्ताला तडा गेला. साक्षरता वाढवायची तर लिपी सोपी केली पाहिजे, या विचाराने चीनच्या सरकारने १९५६ साली सरल चिन्हांची योजना जाहीर केली आणि १९६४ साली दोन हजारांवर सरल चिन्हांची एकत्र यादी काढली. सिंगापूरने १९६९ साली आपली स्वतंत्र यादी केली व १९७६ साली ती चीनच्या यादीशी जुळवून घेतली. तैवान, हाँगकाँग आणि मकाव यांनी मात्र परंपरागत चिन्हे सोडली नाहीत. तेव्हापासून चिनी वाचकांची दोन घरे झाली, आणि कोणत्या लिपीत लिहावे हा प्रश्न सोयीपुरता न राहता निष्ठेचा, अभिमानाचा आणि राजकारणाचाही झाला.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २००२ मध्ये चिनी विकिपीडियाचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले. विकिपीडियाचा मूळ नियम असा की, कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे दुरुस्त करावे. कोणीही यावे म्हटल्यावर दोन्ही घरांतले लोक आले, आणि ज्याने त्याने आपापल्या लिपीत लिहायला आरंभ केला. एकाच विषयावर एक लेख सरल लिपीत, दुसरा परंपरागत लिपीत. एका लेखात झालेली दुरुस्ती दुसऱ्यात पोहोचेना. दोन वर्षांत अशी वेळ आली की, एका नावाखाली दोन कोश वाढू लागले. सरल लिपी सर्वांवर लादावी तर तैपेईचा वाचक उठून जाणार, परंपरागत लादावी तर बीजिंगचा.

यातून निघालेली वाट आम्हाला फार मोलाची वाटते. स्वयंसेवकांनीच २००४ च्या अखेरीस एक युक्ती योजली. मजकूर ज्याने ज्या लिपीत लिहिला असेल तसाच साठवून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. वाचकाने पान मागितले की, ते त्याच्यापर्यंत जाता जाता त्याच्या लिपीत पालटून द्यायचे. लिहिणाऱ्याची लिपी त्याच्यापाशी, वाचणाऱ्याची याच्यापाशी.

ऐकायला हे सोपे वाटते. पण परंपरागत चिन्हांवरून सरल चिन्हांकडे जाणे सोपे आणि परतणे अवघड. सरलीकरण करताना कित्येक ठिकाणी दोन-तीन जुन्या चिन्हांच्या जागी एकच चिन्ह ठेवले गेले होते. 'केस' या अर्थाचे आणि 'बाहेर पाठवणे' या अर्थाचे चिन्ह सरल लिपीत एक झाले. 'सम्राज्ञी' आणि 'नंतर' यांचे एक झाले. 'चेहरा' आणि 'शेवया' यांचेही एक झाले. दोन ओढ्यांचे पाणी एकत्र करायला कष्ट पडत नाहीत, पण एकत्र झाल्यावर कोणते पाणी कोणत्या ओढ्याचे हे कसे सांगावे? यंत्र ते शेजारचे चिन्ह पाहून सांगते. डोक्याचा उल्लेख शेजारी असेल तर 'केस', विकासाचा असेल तर दुसरे. यासाठी शब्दांच्या आणि जोडशब्दांच्या लांबलचक याद्या माणसांनी बसून तयार केल्या आणि आजही त्या दुरुस्त होत असतात.

तरी यंत्र चुकायचे ते चुकतेच. फान नावाचे एक जुने आडनाव आहे. सरल लिपीत त्याचे चिन्ह आणि 'नमुना' या अर्थाचे चिन्ह एकच. पालटताना यंत्राची गफलत झाली तर एखाद्या थोर पुरुषाचे आडनाव बदलून जाते, आणि तैवानच्या वाचकाला ते आपल्या वडिलांचे नाव कोणी चुकीचे छापावे तसे खुपते. त्यावर उपाय म्हणून मजकुरात एक खूण घालता येते, की एवढ्या शब्दाला हात लावू नये. ती खूण घालायलाही जिवंत माणूसच लागतो. वाचकाला पडद्यावर दिसणारा नितळ मजकूर अशा हजारो लहानसहान सोडवणुकींवर उभा आहे.

लिपीच्या पुढचा प्रश्न शब्दांचा. कित्येक दशके दोन्ही बाजूंचा संबंध तुटलेला होता, आणि त्याच काळात नव्या वस्तू आल्या. टॅक्सीला चीनमध्ये 'भाड्याने सुटणारी गाडी' म्हणतात, तैवानात 'अंतर मोजणारी गाडी' म्हणतात, तर हाँगकाँग आणि सिंगापूर यांनी इंग्रजी उच्चारच आपापल्या परीने चिन्हांत बसवला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष ओबामा चीनच्या वर्तमानपत्रांत 'आओबामा' असतात आणि तैवानच्या वर्तमानपत्रांत 'ओउबामा'. याहून मौजेची गोष्ट बटाट्याची. 'तू-दोउ', म्हणजे शब्दशः 'मातीतली घेवडी', हा शब्द चीनमध्ये बटाट्याला लावतात. तोच शब्द तैवानात भुईमुगाच्या शेंगेला लावतात. केवळ चिन्ह पालटून अशा ठिकाणी भागत नाही, शब्दच पालटावा लागतो. म्हणून आज वाचकाला सहा प्रकार निवडता येतात : चीन, हाँगकाँग, मकाव, मलेशिया, सिंगापूर आणि तैवान. लेख एकच, पण टॅक्सीचे नाव ज्याच्या त्याच्या गावचे.

यातूनही घरगुती गमती निघतात. तैपेईतल्या भाचीने आपल्या प्रकारात उघडलेल्या लेखाचा पत्ता सिंगापुरातल्या मामाला मोबाइलवर पाठवला, तर मामाच्या पडद्यावर तो तैवानी वेशातच उघडू शकतो, कारण निवडलेला प्रकार पत्त्यातच नोंदलेला असतो. मामा क्षणभर अडखळतो, मग यादीतून आपला प्रकार निवडतो आणि वाचू लागतो.

आता प्रत्यक्ष मोबाइलविषयी. २०१२ च्या मध्यास चीनमध्ये मोबाइलवरून इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या टेबलावरच्या संगणकावरून वापरणाऱ्यांपेक्षा अधिक झाली. म्हणजे पुष्कळांची आणि ज्ञानकोशाची पहिली गाठ टेबलाशी पडलीच नाही, ती बसच्या रांगेत किंवा गाडीच्या डब्यात पडली. लहान पडद्यावर विकिपीडियाच्या लांब लेखाचे विभाग मिटलेले असतात, नुसती शीर्षके दिसतात, बोट लावावे तो विभाग उलगडतो. चिनी लिपी दाट असते, थोड्या जागेत पुष्कळ सांगते, हा येथे फायदा. पण दाट लिपीचा काचही असतो. 'कासव' या अर्थाच्या परंपरागत चिन्हात सोळा रेघा, सरल चिन्हात सात. 'खिन्न' या अर्थाच्या चिन्हात एकोणतीस, सरल रूपात आठ. जुन्या, भरड पडद्यांवर एकोणतीस रेघांचा नुसता काळा ठिपका होत असे. पडदे सुधारले तशी ही तक्रार मागे पडली.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र काळाने मोठाच उलट फेरा घेतला. लिपी सोपी केली ती लेखणीसाठी, हाताला कमी रेघा ओढाव्या लागाव्यात म्हणून. मोबाइलवर रेघा ओढाव्या लागतच नाहीत. चीनमधला वाचक १९५८ साली मान्य झालेल्या रोमन लिप्यंतरात, म्हणजे पिनयिनमध्ये, उच्चार टिपतो आणि पुढे येणाऱ्या चिन्हांतून हवे ते निवडतो. तैवानातला वाचक १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिचिन्हांनी उच्चार टिपतो. हाँगकाँगात चिन्हाचे अवयव सांगून ते बोलावण्याची, चू बांग-फू यांनी १९७० च्या दशकात काढलेली पद्धत आणि तिची सोपी रूपे प्रचारात आहेत. उच्चाराने लिहिताना 'कासव' सात रेघांचे असो वा सोळा रेघांचे, बोटाला श्रम तेवढेच. ज्या कारणासाठी दोन घरे झाली ते कारण यंत्राने बरेचसे मिटवले, घरे मात्र दोनच राहिली. वर एक नवीन दुखणे आले. एकसारख्या उच्चाराच्या 'श' ला डझनांनी चिन्हे असतात. निवडायची सवय लागली, आठवायची सुटली. लेखणी उचलावी आणि चिन्ह विसरावे, अशा अर्थाचा एक वाक्प्रचारच चिनी लोकांच्या बोलण्यात येतो.

येथवर आम्ही तीन वाचकांविषयी बोललो. चौथा, बीजिंगचा वाचक, दाराबाहेर उभा आहे.

जून २००४ मध्ये चीनमध्ये विकिपीडिया पहिल्यांदा बंद झाला. तो महिना म्हणजे तिआनआनमेन चौकातील घटनांना पंधरा वर्षे पुरी होण्याचा. काही आठवड्यांनी तो पुन्हा सुरू झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये पुन्हा बंद झाला तो सुमारे वर्षभर. २००८ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या सुमारास दार उघडले. त्या काळी बंदीची रीत पानापानाची होती. वाचकाने कोणते पान मागितले हे मधल्या तपासनिसाला दिसे, आणि नको असलेली पाने तेवढी अडवली जात. पुढे विकिपीडियाने वाचकाच्या खाजगीपणासाठी सर्व पाने सांकेतिक आवरणात पाठवायला सुरुवात केली. आता पाकीट दिसे, आतले पत्र दिसत नसे. तपासनिसापुढे दोनच मार्ग उरले : सगळे जाऊ द्यावे किंवा सगळे अडवावे. मे २०१५ मध्ये चिनी विकिपीडिया सबंध अडवला गेला आणि एप्रिल २०१९ मध्ये सगळ्याच भाषांतले विकिपीडिया अडवले गेले.

बीजिंगच्या वाचकाच्या मोबाइलवर या बंदीचा फलक लागत नाही. पान उघडत नाही, इतकेच. तो थोडा थांबतो आणि दुसरीकडे जातो. दुसरीकडे पुष्कळ काही आहे, हेही आम्ही सांगितले पाहिजे. २००६ साली चीनमधील मोठ्या शोधयंत्राच्या कंपनीने बायदू बायके हा कोश सुरू केला. त्यातील लेखांची संख्या चिनी विकिपीडियाच्या कितीतरी पट आहे. शेतीपासून सिनेमापर्यंत हवी ती माहिती त्यात चटकन सापडते. नित्याच्या गरजेपुरता बीजिंगचा वाचक उपाशी नाही. मात्र तेथे केलेली दुरुस्ती कंपनीच्या नजरेखालून गेल्यावर प्रकट होते, आणि काही विषयांवर दुरुस्ती सुचवण्याचा प्रश्नच येत नाही. छ्येन-लुंग सम्राटाची आठवण येथे होते. संग्रह विस्तीर्ण आहे आणि छाननीही आहे.

दाराआडच्या वाचकाचे नुकसान दिसते. दाराबाहेरच्यांचे नुकसान सहसा दिसत नाही, आणि आज आम्हाला विशेष सांगायचे आहे ते हेच. अशा कोशाचा वाचक हा त्याचा दुरुस्तकारही असतो. सिच्वानमधल्या एखाद्या गावाविषयी लेखात चूक असेल तर ती त्या गावच्या माणसाला दिसेल, तैपेईच्या पंडिताला दिसणार नाही. चिनी वाचणाऱ्यांचे सर्वांत मोठे घर बंद झाले, तेव्हा नुसते वाचक गेले नाहीत, साक्षीदार गेले. आडवाटेने येणारे काही निष्ठावंत मुख्य भूमीतून येत राहिले, आणि एप्रिल २०१८ मध्ये चिनी विकिपीडियाने दहा लाख लेखांचा टप्पा ओलांडला. पण थोडे लोक एका बाजूचे आणि बाकीचे दुसऱ्या बाजूचे, अशी स्थिती झाली की संशय वाढतो. तैवान, हाँगकाँग यांविषयीच्या लेखांवरून वाद तीव्र झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने चिनी विकिपीडियाच्या सात सदस्यांना बंदी केली आणि बारा जणांचे अधिकार काढून घेतले. इतर सदस्यांच्या सुरक्षिततेला धोका आणि कोशाच्या कारभारावर कब्जा मिळवण्याचे प्रयत्न, ही कारणे पुढे आली. मुख्य भूमीतील कित्येक सदस्यांना हा अन्याय वाटला. कोणाचे किती खरे हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. दार बंद असले की आतल्या-बाहेरच्यांची बोलाचाली कशी होते, एवढे त्यावरून कळते.

लिपीची युक्ती सर्वच भेदांना पुरली असेही नाही. कॅन्टनच्या लोकांना आपल्या बोलीतच लिहायचे होते, केवळ आपल्या चिन्हांत नव्हे. २००६ साली त्यांनी स्वतंत्र कॅन्टनी विकिपीडिया सुरू केला. हे प्रश्न आपल्या अंगणातही आहेत. गोव्याच्या कोंकणीचा विकिपीडिया २०१५ साली निघाला, तेव्हा देवनागरीत लिहिणारे, रोमी लिपीत लिहिणारे आणि कन्नड लिपीत लिहिणारे असे तिन्ही हात एकाच कोशात आले. कोणत्या लिपीला खरी म्हणायचे या वादात माणसे गमावण्यापेक्षा तिघांना एका छपराखाली बसवावे, या शहाणपणाला चिनी कोशाचा वीस वर्षांचा अनुभव पाठीशी आहे.

तो अनुभव पाहायचा असेल तर सिंगापुरातल्या त्या मामाच्या मोबाइलवर लेखाच्या कडेची पेन्सिलीची खूण दाबून पाहावी. इतका वेळ एकसारखा दिसणारा मजकूर नाहीसा होतो आणि खरा मजकूर पुढे येतो. एक ओळ सरल चिन्हांत, दुसरी परंपरागत चिन्हांत. मध्येच एखादा तैवानी शब्द, त्याला लागून चीनमधला. अनेक हातांची अक्षरे एका वहीत पडलेली असतात आणि कोणाचेही अक्षर खोडलेले नसते. तीत काही ओळी अशाही असतील की त्या लिहिणाऱ्याला आज स्वतःच्या गावी बसून हे पान उघडता येत नाही. त्याने लिहिलेले राहिले आहे, चुकले असेल तर सुधारायला तोच नाही.

युंग-लो सम्राटाचा कोश मोठा होता म्हणून वाचला नाही. तो एका वाड्यात होता आणि वाडा सांभाळणाऱ्यांवाचून त्याला कोणी नव्हते. आजचा कोश कोट्यवधी मुठींत आहे. त्यातल्या किती मुठी उघडू दिल्या जातात, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून राहील.